ताग्यावरचे नाव आणि आतला पोत

आषाढ लागला की व्यापारी घरांतून दोन विषय हमखास निघतात. यंदा चातुर्मासासाठी गावात कोणत्या महाराजांचे वास्तव्य आहे, हा पहिला. आणि मुलांचे प्रवेश कोठे झाले, हा दुसरा. प्रवेशाचे बोलणे संपते न संपते तोच त्याच्या पाठोपाठ तिसरा प्रश्न उंबरठ्यावर येऊन उभा राहतो. मुलासाठी किंवा मुलीसाठी लॅपटॉप कोणता घ्यावयाचा?

इचलकरंजीच्या परिसरातील एका जुन्या कापड पेढीच्या घरी यंदा हाच प्रश्न आला. धाकट्या मुलीला अंतर्गत सजावटीच्या ४ वर्षांच्या पदवी अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला. महाविद्यालयाच्या सूचनापत्रात ‘स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड असलेला लॅपटॉप आवश्यक’ असे एक वाक्य होते. असा लॅपटॉप नवा घ्यावयाचा तर ७० ते ७५ हजारांची तयारी हवी. प्रवेशशुल्क आणि वसतिगृह यांचा खर्च नुकताच झालेला असल्याने नव्याचा विचार घराने बाजूला ठेवला. समोर दोन जुने पर्याय उरले. एक घरातलाच होता. थोरल्या मुलाने २०१७ मध्ये घेतलेला तो लॅपटॉप ‘जीटीएक्स १०५० टीआय’ या कार्डाचा होता. मुलाला नोकरीत कंपनीचा लॅपटॉप मिळाल्यापासून तो कपाटात पडून होता. दुसरा कोल्हापुरातील एका विक्रेत्याकडे होता. ‘जीटीएक्स १६५०’ कार्डाचा, २०२० सालचा, किंमत ३२ हजार.

त्यातच, पेढीवर २२ वर्षे हिशेब सांभाळणाऱ्या दिवाणजींनी एका संध्याकाळी शब्द टाकला. “मालक, घरातला तो लॅपटॉप विकायचा झाला तर आधी मला सांगा. पोरगं पॉलिटेक्निकला आहे. बाजारात १८ हजारांना मिळतो म्हणतात. तेवढे मी हप्त्याहप्त्याने फेडीन.”

अशा रीतीने एका प्रश्नाचे दोन प्रश्न झाले. मुलीसाठी कोणता लॅपटॉप ठेवावा, हा खरेदीचा प्रश्न होता. दिवाणजींना काय सांगावे आणि किती घ्यावेत, हा विक्रीचा होता. दोहोंचे उत्तर मात्र एकाच ठिकाणी दडलेले होते. या दोन कार्डांचा माल नेमका काय आहे, हे आधी समजून घ्यावयास हवे होते.

कार्ड हे केवळ नावाचे

टेबलावरच्या मोठ्या संगणकात ग्राफिक्स कार्ड ही वेगळी काढता-घालता येणारी वस्तू असते. जुने काढून नवे बसवता येते. लॅपटॉपमध्ये मात्र ‘कार्ड’ हा शब्द बहुतेक वेळा केवळ सवयीने उरला आहे. तेथे ती एक चिप असते आणि मुख्य फलकावर कायमची डाखलेली असते. हार्ड डिस्क बदलता येते, रॅम बहुधा वाढवता येते, बॅटरी नवी घालता येते. पण ग्राफिक्सची चिप जी आली ती शेवटपर्यंत. म्हणून जुन्या लॅपटॉपचे ग्राफिक्स कार्ड निवडणे म्हणजे त्याच्या भोवतालचा प्रोसेसर, पंखा, बिजागरी आणि उरलेले आयुष्य या सर्वांसह अख्खा लॅपटॉप निवडणे होय.

येथेच एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. दुकानाची बिले, टॅलीतील नोंदी, जीएसटीची विवरणपत्रे, बँकेचे व्यवहार, मुलांचे ऑनलाइन वर्ग यांपैकी कशालाही स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड लागत नाही. प्रोसेसरमध्येच असलेली साधी ग्राफिक्सची सोय या कामांना पुरून उरते. पेढीच्या गल्ल्यावर असा लॅपटॉप ठेवणे म्हणजे तराजूच्या कामाला धर्मकाटा बसवणे आहे. ज्यांना त्रिमिती आराखडे, इमारतींची व खोल्यांची प्रत्ययकारी चित्रे, चित्रफितींचे संपादन किंवा मोठे खेळ यांचे काम आहे, त्यांनीच पुढचा विचार करावा. मुलीला ऑटोकॅड, स्केचअप आणि ब्लेंडर ही तिन्ही शिकावयाची होती. म्हणून त्या घराला तो करणे भाग होते.

मागांची मोजणी

ग्राफिक्सची चिप काय करते, हे कापडाच्या गावात समजावणे सोपे आहे. पडद्यावरचे चित्र लाखो ठिपक्यांचे असते आणि प्रत्येक ठिपक्याचा रंग मोजून काढावा लागतो. मुख्य प्रोसेसर हा निष्णात पण एकटा-दुकटा कारागीर असतो. ग्राफिक्सची चिप म्हणजे शेकडो साध्या मागांची शेड. प्रत्येक माग छोटेच काम करतो, पण सगळे एकाच वेळी चालतात.

जीटीएक्स १०५० टीआय हे कार्ड एनव्हिडिया कंपनीने लॅपटॉपसाठी जानेवारी २०१७ मध्ये आणले. त्याच्या शेडमध्ये असे ७६८ माग आहेत. जीटीएक्स १६५० एप्रिल २०१९ मध्ये आले. त्याच्या लॅपटॉपमधील आवृत्तीत १०२४ माग आहेत. म्हणजे एकतृतीयांशाने अधिक. मागाचा वेग पाहिला तर मात्र जुनेच किंचित पुढे आहे. १०५० टीआयचा घोषित वेग १४९३ ते १६२० मेगाहर्ट्झ, तर १६५० चा १३९५ ते १५६० मेगाहर्ट्झ. केवळ वेगाचा आकडा पाहून माल घेणारा येथे फसतो. नव्याचे माग थोडे सावकाश चालतात, पण संख्येने जास्त आहेत. शिवाय त्यांची घडणही सुधारलेली आहे. ट्युरिंग नावाच्या या नव्या रचनेत पूर्णांकांचा आणि दशांशांचा असे दोन्ही हिशेब एकाच वेळी चालू शकतात. पास्कल नावाच्या जुन्या रचनेत तसे होत नाही.

माग कितीही असोत, सूत वेळेवर आले नाही तर ते उभेच राहतात. सुताचा हा पुरवठा म्हणजे मेमरीची आवकजावक. दोन्ही कार्डांना ४ जीबी मेमरी आहे आणि दोन्हींचा मार्ग १२८ बिटांचा, म्हणजे पन्हा सारखाच. पण १०५० टीआयची मेमरी सेकंदाला ११२ जीबी माहिती पोहोचवते, तर १६५० ची मूळ आवृत्ती १२८ जीबी. ऑटोकॅडच्या २०२२ च्या आवृत्तीसाठी तिच्या कंपनीने ४ जीबीचे आणि सेकंदाला १०६ जीबी पोहोचवणारे कार्ड सुचवले होते. त्या मापाला जुने कार्डही उतरते. म्हणजे रेषांचे आराखडे काढण्यापुरते पाहिले तर १०५० टीआय आजही निरुपयोगी झालेले नाही.

सगळे मिळून फरक किती? कामाच्या प्रकारानुसार १६५० हे साधारण २० ते ४० टक्क्यांनी पुढे राहते. जुन्या खेळांत आणि हलक्या कामांत हा फरक कमी दिसतो, नव्या पद्धतीच्या जड कामांत वाढतो. ज्या खोलीचे चित्र तयार होण्यास १०५० टीआयला १२ मिनिटे लागतील, ते १६५० वर ९ किंवा १० मिनिटांत होईल, असा साधारण हिशेब धरावा. विद्यार्थिनीला रात्री दहा चित्रे काढावयाची असतील तर ही बचत लहान नाही. पण दिवस-रात्रीचा फरक म्हणावा, इतकी ती मोठीही नाही.

काही बाबतींत तर फरक जवळजवळ नाहीच. चित्रफीत तयार करताना ती आवळून बांधण्याचे काम चिपमधील एक स्वतंत्र भाग करतो. ट्युरिंग पिढीच्या मोठ्या भावंडांना त्या भागाची सुधारलेली आवृत्ती मिळाली. १६५० च्या मूळ चिपमध्ये मात्र तिच्या आधीचीच बसवली गेली. त्यामुळे ज्याला केवळ लग्नाच्या चित्रफिती कापून-जोडून बांधावयाच्या आहेत, त्याला नव्या कार्डासाठी जादा मोजलेले पैसे तेथे वसूल होत नाहीत. प्रकाशकिरणांचा माग काढणारे खास भाग आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या गणितांसाठीचे खास भाग दोन्हींतही नाहीत. आणि ४ जीबीची मर्यादा दोघांनाही सारखीच आडवी येते. फर्निचर, पडदे, झुंबरे यांनी भरलेला मोठा दिवाणखाना ब्लेंडरमध्ये उभा केला की दोन्ही कार्डांची मेमरी अपुरी पडते आणि दृश्य हलके करावे लागते.

एकाच नावाचे अनेक माल

मुलीने ही आकडेवारी कागदावर मांडली तेव्हा आजोबांनी चष्मा पुसत एकच प्रश्न विचारला. “बाळ, ताग्याच्या काठावर नाव छापलेले असते. पण आत पोत तोच आहे, हे तू कशावरून म्हणतेस?”

प्रश्न कापडवाल्याचा होता, पण या धंद्यालाही तंतोतंत लागू पडणारा होता. जीटीएक्स १६५० या एकाच नावाखाली लॅपटॉपमध्ये निरनिराळे माल आले आहेत. २०१९ च्या आवृत्तीत जीडीडीआर५ प्रकारची मेमरी होती आणि तिची पोच सेकंदाला १२८ जीबी. २०२० मध्ये आलेल्या आवृत्तीत जीडीडीआर६ मेमरी होती आणि पोच १९२ जीबी, म्हणजे दीडपट. नावात अक्षराचाही बदल नाही. शिवाय पातळ लॅपटॉपांसाठी ‘मॅक्स-क्यू’ नावाची आवृत्ती होती. ती कमी वीज घेते, कमी तापते आणि त्याच हिशेबाने सावकाश चालते. विक्रीच्या फलकावर हे शेपूट पुष्कळदा गळून पडते. टेबलावरच्या संगणकातील १६५० तर आणखी वेगळे. त्याच्या पहिल्या आवृत्तीत ८९६ माग आहेत, लॅपटॉपमधल्यात १०२४. पूर्वी लॅपटॉपच्या कार्डांच्या नावापुढे ‘एम’ हे अक्षर लावत असत. १०५० टीआय ज्या पिढीतले, त्या पिढीपासून ते गळाले आणि नावावरून ओळख पटवणे आणखी अवघड झाले.

याच गोंधळाचे एक ठळक उदाहरण २०१८ मध्ये पुढे आले. एमएक्स१५० हे हलक्या लॅपटॉपांचे लोकप्रिय कार्ड. त्या वर्षीच्या मार्चमध्ये लक्षात आले, की या एकाच नावाने दोन माल विकले जात आहेत. एक २५ वॅटचा, मूळ वेग १४६८ मेगाहर्ट्झ. दुसरा १० वॅटचा, मूळ वेग ९३७ मेगाहर्ट्झ. पातळ लॅपटॉपात थंड चिप हवी, म्हणून दुसरा माल तयार करण्यात गैर काहीच नव्हते. अडचण एवढीच होती, की खोक्यावर दोहोंचे नाव एकच होते आणि घेणाऱ्याला फरक कळण्याचा सोपा मार्ग नव्हता.

म्हणून जुना लॅपटॉप घेताना नावावर न थांबता माप पाहावे. टेकपॉवरअप या संकेतस्थळाचे ‘जीपीयू-झेड’ नावाचे छोटेसे साधन विनामूल्य मिळते. ते उघडले की चिपचे खरे नाव, मागांची संख्या, मेमरीचा प्रकार आणि तिची पोच एका चौकटीत दिसते. विक्रेत्यासमोर २ मिनिटांत हे पाहून होते. त्या मुलीने कोल्हापुरात तेच केले. तिच्या सुदैवाने तेथील १६५० हे जीडीडीआर६ चे, १९२ जीबीचे निघाले. विक्रेत्याला स्वतःलाही ते ठाऊक नव्हते.

मापाबरोबर प्रकृतीही तपासावी. चार्जर लावून अर्धा तास जड काम चालवावे आणि तापमान व पंख्याचा आवाज पाहावा. चार्जर मूळचा व पूर्ण वॅटचा आहे का, हे त्याच्या पाठीवर वाचावे. कमी ताकदीच्या चार्जरवर चांगले कार्डही रखडते. विंडोजमध्ये बॅटरीचा अहवाल काढण्याची सोय आहे. त्यात बॅटरीची मूळ क्षमता आणि आजची क्षमता शेजारी-शेजारी दिसतात. बिजागरी, कळफलक आणि पडद्याचे कोपरे हाताने तपासावेत. आणि मूळ बिल मागावे, त्यावरील अनुक्रमांक लॅपटॉपच्या पाठीवरील अनुक्रमांकाशी जुळवून घ्यावा.

आयुष्याचा हिशेब

किंमत आणि मोल यांतला फरक व्यापाऱ्याला शिकवावा लागत नाही. तरीही जुन्या यंत्राच्या बाबतीत तो पुष्कळदा विसरला जातो, कारण यंत्र सुरू होते आणि चालते, एवढे पाहून मन निश्चिंत होते. या दोन लॅपटॉपांत खरा फरक मागांच्या संख्येपेक्षा उरलेल्या आयुष्यात होता.

ग्राफिक्स कार्डाला चालवणारी प्रणाली, जिला ड्रायव्हर म्हणतात, ती कंपनी वेळोवेळी सुधारून देते. पास्कल पिढीसाठी, म्हणजे १०५० टीआयसाठी, नवनव्या खेळांशी व प्रणालींशी जुळवून घेणाऱ्या नियमित सुधारणा ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबल्या. त्यानंतर केवळ सुरक्षेच्या त्रैमासिक दुरुस्त्या ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळणार, असे एनव्हिडियाने जाहीर केले. ट्युरिंग पिढीला, म्हणजे १६५० ला, त्या यादीतून वगळले आहे. तिच्या सुधारणा चालू राहिल्या.

दुसरी गोष्ट विंडोजची. विंडोज १० ची नियमित सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने प्रोसेसरची यादी ठरवून दिली आहे. इंटेलच्या बाबतीत ती, एखाद-दुसरा अपवाद सोडता, आठव्या पिढीपासून सुरू होते. २०१७ मध्ये १०५० टीआयबरोबर येणारे ‘आय-५ ७३००एचक्यू’ आणि ‘आय-७ ७७००एचक्यू’ हे प्रोसेसर सातव्या पिढीचे. ते यादीत नाहीत. घरातल्या लॅपटॉपमध्ये यांपैकी पहिला होता. आडवाटेने विंडोज ११ बसवता येते, परंतु कंपनी त्याची जबाबदारी घेत नाही. ज्यांच्याकडे २०१८ नंतरचा, आठव्या पिढीच्या प्रोसेसरचा १०५० टीआय लॅपटॉप आहे, त्यांना ही अडचण नाही. त्यांनी तो निश्चिंतपणे वापरावा. कोल्हापूरच्या लॅपटॉपमध्ये ‘आय-५ १०३००एच’ हा दहाव्या पिढीचा प्रोसेसर होता. तो यादीत आहे.

आता वहीतला हिशेब. घरातला माल फुकट नसतो. तो विकून जे आले असते, ती त्याची किंमत. कोल्हापूरचा विक्रेता तो लॅपटॉप पाहून १२ हजारांना घेण्यास तयार झाला. मुलीसाठी तो वापरावयाचा तर बॅटरीचे ३ हजार आणि जुन्या संथ हार्ड डिस्कच्या जागी एसएसडीचे अडीच हजार धरावे लागत होते. एकूण साडेसतरा हजार. २ वर्षांनी त्याचे फार तर अडीच हजार आले असते. म्हणजे २ वर्षांचा खर्च १५ हजार, वर्षाला साडेसात हजार. आणि अभ्यासक्रमाची उरलेली २ वर्षे पुन्हा दुसरा लॅपटॉप. १६५० च्या लॅपटॉपला ३२ हजार. त्यात एसएसडी आधीच होती आणि बॅटरी चांगली निघाली. ४ वर्षे चालून शेवटी ८ हजार आले असे धरले, तर ४ वर्षांचा खर्च २४ हजार. वर्षाला ६ हजार. स्वस्त दिसणारा लॅपटॉप त्या मुलीसाठी वर्षाकाठी दीड हजाराने महाग होता आणि कामही सावकाश करीत होता.

हे आकडे त्या घराचे आहेत. प्रत्येकाने आपले आकडे घालून पाहावेत. रीत मात्र हीच ठेवावी. किंमत, अधिक दुरुस्ती, वजा शेवटी येणारी रक्कम, आणि भागिले कामाची वर्षे.

याचा अर्थ १०५० टीआय वाईट आणि १६५० चांगले, असा मात्र नव्हे. अनेकान्ताच्या संस्कारात वाढलेल्या वाचकाला हे वेगळे सांगावयास नको, की ‘चांगले’ हा शब्द एकटा उच्चारला तर अपुरा असतो. कोणत्या अपेक्षेने चांगले, हे त्याला जोडावे लागते. ४ वर्षे त्रिमिती काम करणाऱ्या विद्यार्थिनीच्या अपेक्षेने जुना लॅपटॉप महाग. २ वर्षे प्रोग्रामिंग शिकणाऱ्या, विंडोजऐवजी विनामूल्य लिनक्स वापरू शकणाऱ्या आणि अधूनमधून एखादा जुना खेळ खेळणाऱ्या मुलाच्या अपेक्षेने तोच लॅपटॉप योग्य. मात्र हे खरे ठरावयाचे तर त्याला तो योग्य भावात मिळावयास हवा.

दिवाणजींचा व्यवहार

मुलीसाठी १६५० चा लॅपटॉप आला. जुना आता विकावयाचा होता आणि दिवाणजींचा १८ हजारांचा शब्द तसाच उभा होता. वडिलांच्या मनात थोडी चलबिचल झाली. ते म्हणाले, “भाव आपण सांगितलेला नाही. त्यांनीच १८ हजार म्हटले आहेत.”

आजोबा म्हणाले, “भाव त्यांनी सांगितला हे खरे. पण माल आपल्याला ठाऊक आहे, त्यांना नाही.”

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. चोरीचा माल घेणे, माप-तोलात उणे-अधिक करणे आणि अस्सलाच्या जागी तसाच दिसणारा हलका माल देणे, हे त्यांतले तीन. कापडाच्या व धान्याच्या व्यापारात ते कसे टाळावेत, हे पिढ्यान्‌पिढ्या घरातूनच शिकवले गेले. मापे आता गज आणि शेर यांची राहिलेली नाहीत, पण अतिचार तेच आहेत. बिल न पाहता जुना लॅपटॉप घेणे म्हणजे पहिल्याच्या उंबरठ्यावर उभे राहणे. ११२ जीबीच्या मालाला १९२ च्या मालाचा भाव लावणे हे दुसऱ्याचेच रूप. मॅक्स-क्यू हे शेपूट झाकून नुसते १६५० म्हणून विकणे हे तिसऱ्याचे. आणि घेणाऱ्याचे अज्ञान हा आपल्या नफ्याचा भाग धरणे, हे त्या सर्वांच्या मुळाशी असलेले पाप.

येथे तर घेणारा परका नव्हता. २२ वर्षे पेढीचा पै-पैचा हिशेब ज्याने चोख ठेवला, तो माणूस होता. ६ हजार रुपये म्हणजे त्याच्या कित्येक महिन्यांचे हप्ते. उद्या त्याच्या मुलाच्या एखाद्या मित्राने ‘हा विंडोज ११ घेत नाही’ असे सांगितले असते, तर दिवाणजी बोलले काहीच नसते. पण वहीतून मान वर करून पाहण्याची त्यांची नजर बदलली असती.

दुसऱ्या दिवशी पेढी उघडल्यावर वडिलांनी दिवाणजींना शेजारी बसवून घेतले आणि मुलीने लिहिलेला एक कागद त्यांच्या हाती दिला. त्यावर सुवाच्य अक्षरात पुढील गोष्टी होत्या. खरेदी २०१७, मूळ बिल सोबत. कार्ड जीटीएक्स १०५० टीआय, ४ जीबी, नियमित सुधारणा बंद, सुरक्षेच्या दुरुस्त्या ऑक्टोबर २०२८ पर्यंत. प्रोसेसर सातव्या पिढीचा, विंडोज ११ अधिकृतपणे चालणार नाही. बॅटरी जेमतेम ५० मिनिटे टिकते. हार्ड डिस्क संथ, एसएसडी घातल्यास वेग पुष्कळ वाढेल, खर्च सुमारे अडीच हजार. उजवी बिजागरी एकदा दुरुस्त केलेली. जुनी सर्व माहिती पुसून टाकली आहे. आणि शेवटच्या ओळीत भाव: १२ हजार.

दिवाणजींनी कागद दोनदा वाचला. मग विचारले, “मालक, हे सगळे असताना मी हा घ्यावा का?”

“मुलाला घेऊन या. त्याला काय शिकायचे आहे ते तो सांगेल, आमची मुलगी चालवून दाखवील. पटले तर घ्या. नाही पटले तर दुसरा शोधायला ती मदत करील.”

मुलगा संध्याकाळी आला. तासभर दोघांनी तो लॅपटॉप उघडून, चालवून, तापवून पाहिला. मुलाला लिनक्सची ओळख होती; त्याच्या अभ्यासक्रमाची सव्वा दोन वर्षे उरली होती. मोठ्या खेळांचा सोस त्याला नव्हता. त्याने बॅटरी तूर्त बदलायची नाही, चार्जर लावूनच काम करायचे आणि एसएसडी पुढच्या महिन्यात स्वतःच्या शिष्यवृत्तीतून घ्यायची, असे ठरवले. माल कळल्यावर घेतलेला तो निर्णय त्याचा स्वतःचा होता.

व्यवहार १२ हजारांना झाला. दिवाणजींनी नेहमीच्या वहीत स्वतःच्याच नावावर ती रक्कम लिहिली, महिन्याला हजार याप्रमाणे १२ हप्ते मांडले आणि मुलीने लिहिलेला कागद घडी घालून त्याच पानाला टाचून ठेवला.